गिलाव्यात काढून घेऊ

भिंत ओळंब्याला अर्धा इंच सुटली होती. ओळंबा मी स्वतः धरला होता, त्यामुळं दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. मिस्त्रीनं आधी भिंतीकडं पाहिलं, मग ओळंब्याकडं, मग माझ्याकडं. तिघांपैकी वाकडं कोण, याचा बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "वारं हाय, साहेब."

वारं पडेपर्यंत आम्ही उभे राहिलो. वारं पडलं, दोरी स्थिर झाली, अर्धा इंच काही जागचा हलला नाही. मग मिस्त्रीनं थापी विटांवर ठेवली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, दोनदा थोपटली आणि इतक्या वर्षांत मी हजारदा ऐकलेलं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, "त्येचं काय एवढं? गिलाव्यात काढून घेऊ."

आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात हे वाक्य कुठंच नाही. तरी आमच्या हिंगोलीत, आणि मला वाटतं बाकीच्या महाराष्ट्रातही, निम्मी घरं सिमेंटपेक्षा याच वाक्यावर उभी आहेत. शिवाय ते एकटं येत नाही, भावंडं घेऊन येतं. गवंडी म्हणतो, गिलाव्यात निघंल. गिलाव्याची माणसं वेगळी असतात. ती येतात, भिंतीकडं बघून गवंड्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतात आणि म्हणतात, आता फरशीवाल्यालाच सांगा. फरशीवाला कोपऱ्यात तिरकी चिरी कापत म्हणतो, स्कर्टिंगखाली दडतंय. सुतार म्हणतो, वरून पट्टी मारतो. पेंटर म्हणतो, लांबीत भरून घेतो. आणि पेंटरच्या पुढं कुणी उरलेलंच नसल्यामुळं तो घरच्या बाईंना बाजूला घेऊन सांगतो, इथं पडदा लावा ताई, शोभून दिसंल. जोत्यावर जन्मलेली चूक अशी घरभर हिंडते, सगळ्यांच्या हातचं खाऊन धष्टपुष्ट होते आणि मग पडद्याआड जाते.

ही चूक वाटेत कुठंतरी धरायची, याला प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात, अशी माझी समजूत होती. तसा मी पुण्यात सहा महिन्यांचा कोर्सही केला होता.

घर माझ्या गुरुजींचं. हिंगोलीहून औंढ्याकडं जाताना लागणाऱ्या एका गावात. सातवीला त्यांनी मला भूमिती शिकवली, त्यामुळं ते मला अरे-तुरे करतात आणि माझी फी हा विषय गुरुदक्षिणेच्या बाजूला सरकत जातो. नकाशा दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. माझ्या पोटात सातवीतलाच गोळा आला. दहा मिनिटं बारकाईनं तपासून त्यांनी 'शयनग्रह'चं 'शयनगृह' केलं, खाली सही करून तारीख टाकली आणि कागद परत दिला. जिना, खिडक्या, हवा, उजेड यांबद्दल काही म्हणणं नव्हतं.

काकूंचं म्हणणं एकच होतं. त्यांचं लग्नातलं लोखंडी कपाट नव्या घरात बसलं पाहिजे. मी टेप लावून मोजलं. बरोबर छत्तीस इंच. आतल्या खोलीत कॉलम आणि भिंतीच्या मधे मी सदतीस इंचांची जागा काढली, तीही गिलावा धरून. भूमितीच्या गुरुजींच्या घरात एक इंच वरकड ठेवला म्हणून स्वतःवर खूश होऊन मी घरी आलो. अर्धा इंच सुटलेली भिंत ती हीच.

पण ती फार पुढची गोष्ट झाली. आधी तक्ता.

कोर्समध्ये आम्हाला हेन्री गँट या अमेरिकी इंजिनियरच्या नावाचा तक्ता शिकवला होता. डाव्या बाजूला कामं, वर तारखा, आणि प्रत्येक कामासमोर एक आडवी पट्टी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे १९५७ साली ड्यूपाँ कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या बांधकामासाठी निघालेली क्रिटिकल पाथची पद्धत. त्याच सुमाराला अमेरिकेच्या नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तिची एक चुलत बहीण काढली. मुद्दा साधा आहे. काही कामं अशी असतात की ती एक दिवस लांबली तर अख्खं घर एक दिवस लांबतं. ती कामं शोधायची आणि त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायची. बाकीच्यांकडं थोडा कानाडोळा केला तरी चालतो.

मी बासष्ट कामांचा, एकशे ऐंशी दिवसांचा रंगीत तक्ता केला. अक्षय तृतीयेला, म्हणजे २२ एप्रिल २०२३ला भूमिपूजन आणि दसऱ्याला वास्तुशांती. सिमेंटच्या पत्र्याच्या खोलीत आतल्या बाजूनं तो चिकटवला. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"हे काय, एसटीचं टाईमटेबल?"

"तसंच समजा."

"मंग गाडी लागली की हाक मारा," म्हणून तो चहाला गेला.

तक्त्यातली पहिली पट्टी होती 'पाया खोदाई, ४ दिवस'. आमच्याकडची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी फाटते की मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. अशा मातीवर घर ठेवलं तर तेही वर्षातून एकदा श्वास घेतं आणि एकदा सोडतं, आणि भिंतींना तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. गुरुजी म्हणाले, मुरूम चार फुटांवर आहे, शेजारच्यांच्या विहिरीला तिथंच लागला होता. मी चार फूट धरले. आमच्या खड्ड्यात मुरूम नऊ फुटांवर निघाला. चार दिवसांचे अकरा झाले, दगडांच्या ट्रॉल्या वाढल्या, आणि मी तक्त्यासमोर पेन्सिल घेऊन उभा राहिलो, तेव्हा मिस्त्री मागून म्हणाला, "मुरूम काय तुमचा कागद वाचून वर येणार व्हय?"

इथं एक खुलासा केला पाहिजे. हे सगळं बघायचं कुणी, हा प्रश्न गावाकडच्या बांधकामात कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. गुरुजींना वाटत होतं मिस्त्री बघतो, मिस्त्रीला वाटत होतं मालक बघतो, आणि काही बिघडलं की दोघांनाही वाटायचं साहेबांनी बघायला पाहिजे होतं. आर्किटेक्ट हा शब्दच मुळात आमच्याकडं चालत नाही. मी 'प्लॅन काढणारे साहेब'. "प्लॅनचे किती?" असं विचारतात. देखरेखीचे वेगळे सांगितले तर गुळाची ढेप मागितल्यासारखं तोंड करतात. "येता-जाता एक चक्कर मारा की, त्याचे कशाला?" कायद्याचाही फारसा आधार नाही. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२चा. त्यानं आमचं नाव राखून ठेवलं आहे, काम नाही. नकाशा काढायला आणि घर बांधायला कुणीही मोकळा आहे, फक्त त्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टच सांगितलं. हिंगोलीत हे अगोदरपासून माहीत असावं, कारण इथं कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेतच नाही. सगळे इंजिनियर.

चक्कर मारायची तर मिस्त्री जागेवर सापडला पाहिजे. मिस्त्रीकडं एका वेळी चार कामं असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं तो प्रत्येक कामावर दोन बिगारी आणि एक घमेलं टाकून ठेवतो. बिगारी वाळू इकडची तिकडं करतात. लांबून बघणाऱ्याला काम चालू आहे असं वाटतं. फोन केला तर, "निघालोच साहेब, गाडीवरच हाव." एकदा मी त्याच्या घराच्या ओट्यावर बसून, त्याच्या बायकोनं दिलेला चहा पीत फोन लावला. फोन आतल्या खोलीत वाजला. आतून आवाज आला, "गाडीवरच हाव."

वाळूचं वेगळंच. पावसाळ्यात नदीतला उपसा बंद असतो, म्हणून आधी साठा करून ठेवायचा, हे तक्त्यात होतं. आमची वाळू आली पहाटे तीनला. पहाटे तीनलाच का आली, हे मी विचारलं नाही. तक्त्यात वेळेचा रकाना नव्हता, फक्त तारखेचा होता.

जुलैत चौकट बसवायची होती. काकूंनी कालनिर्णय समोर धरलं. अधिक श्रावण. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत चौकटीला हात लावायचा नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रविवारची सोय होती, सणांच्या सुट्ट्या टाकायची सोय होती, पण एक अख्खा महिना वरून उतरतो याची सोय नव्हती. चांद्र वर्ष सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं पडतं. ते अकरा-अकरा दिवस साठत राहतात आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी पंचांगवाले एक महिना घालून हिशेब जुळवतात. चहा पिता पिता मी हे मिस्त्रीला समजावून सांगितलं. त्यानं कपातून मान वर केली. "म्हंजे त्येंनी बी गिलाव्यातच काढून घेतलं की."

मग निज श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्ष संपला तेव्हा आमच्या भिंती सिल लेव्हलपर्यंत आल्या होत्या आणि दसरा दहा दिवसांवर. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. रामलीला आणि प्रदर्शन म्हटलं की बिगारी काय, खुद्द मालकही कामावर सापडत नाही. ज्या दिवशी तक्त्यात वास्तुशांती होती, त्या दिवशी मी गुरुजींच्या शेजारी उभा राहून रावण जळताना पाहिला. रावण ठरल्या वेळेला जळाला. त्याचं व्यवस्थापन कोण करतं याची चौकशी केली पाहिजे.

यात क्रिटिकल पाथ कुठून जात होता, ते मला डिसेंबरात कळलं. तो जात होता हळदीच्या शेतातून.

बाहेरच्या माणसाला हिंगोली जिल्हा नकाशात शोधावा लागतो. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा निघालेला, पाच तालुक्यांचा. पण हळदीच्या व्यापाऱ्याला शोधावा लागत नाही. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जूनच्या आसपास बेणं लावायचं, आठ-नऊ महिने सांभाळायचं, जानेवारीपासून काढायचं, कुकरमध्ये शिजवायचं, उन्हात वाळवायचं, ढोलात पॉलिश करायचं आणि मग मार्केट यार्डात न्यायचं. गुरुजींच्या पेन्शनीत भिंती निघत होत्या. स्लॅब हळदीवर होता. मी विचारलं की गुरुजी म्हणायचे, "हळद विकली की टाकू." काढणी सुरू झाली आणि आमचे सगळे बिगारी हळदीला गेले. तिथं रोजचा हिशेब रोज मिळतो, आमच्याकडं खर्ची बाजाराच्या दिवशी. सेंट्रिंगच्या फळ्या, बल्ल्या आवारात येऊन पडल्या होत्या आणि त्यांचं भाडं रोज चढत होतं.

मग हळद निघाली, शिजली, वाळली, आणि भाव पडला.

"थोडं थांबू," गुरुजी म्हणाले. "पंधरा दिवसांत चढंल."

मी रोज सकाळी उठून हळदीचे भाव बघायला लागलो. बायकोला वाटलं, आपण कुठं जमीन घेतली. पुण्यातले माझे वर्गमित्र स्टीलचे भाव बघतात, मी हिंगोलीच्या यार्डातल्या कांडीचे आणि गठ्ठ्याचे. माझा एक हजार चौरस फुटांचा स्लॅब पोत्यांत भरून गोदामात पडला होता आणि त्याला कीड लागू नये एवढीच माझी प्रार्थना होती. मार्चअखेर हळद विकली. दुसऱ्या दिवशी बिगारीही परत आले, कोपरापर्यंत पिवळे. नवरीला लागते तशी घरालाही हळद लागल्याशिवाय आमच्याकडं पुढचं कार्य होत नाही.

स्लॅबचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. जी माणसं चार महिने एकेकटी सापडत नव्हती ती पहाटे सहाला तीसच्या तीस हजर. मिक्सर, लिफ्ट, घमेल्यांची साखळी, वरून "माल! माल!" अशी आरोळी. त्या दिवशी तक्ता लागत नाही, फोन लागत नाहीत, कुणी गाडीवर नसतं. ओलं काँक्रीट थांबत नाही हे प्रत्येकाला ठाऊक असतं. संध्याकाळी पाचला स्लॅब भरून झाला, मिस्त्रीनं कडेनं मातीची आळी बांधून पाणी सोडलं आणि रात्री मटणाचं जेवण झालं. जेवताना माझ्या मनात आलं की घर असंच रोज ओलं ठेवता आलं असतं तर सहा महिन्यांत उठलं असतं.

शेजारीच एक घरकुल चाललं होतं. पंतप्रधान आवास योजनेचं, पंचवीस चौरस मीटरचं. एक लाख वीस हजार रुपये, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी वेगळी, वाळू पाच ब्रास मोफत. तिथं तक्ताही नव्हता आणि साहेबही नव्हता. मोबाईल घेऊन एक पोरगा यायचा. पायाचा फोटो काढला की पुढचा हप्ता, जोत्याचा काढला की त्याच्या पुढचा, छताचा काढला की शेवटचा. फोटोत जागा आणि तारीख आपोआप येते, त्यामुळं कालचं जोतं आज दाखवता येत नाही. आमच्या जोत्यानंतर सुरू झालेलं ते घर आमच्या स्लॅबच्या आधी राहतं झालं. त्यांच्या सुनेनं मला पेढा दिला तेव्हा तो पेढा माझ्या घशात जरा वेळ अडकला.

स्लॅबनंतर बदल सुरू झाले. बदलांचं एक वैशिष्ट्य असं की ते 'फक्त एवढंच' या शब्दांनी सुरू होतात. गुरुजींचा मुलगा पुण्याहून रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो टाकायचा. फक्त एवढंच, टीव्हीच्या मागं दगडी भिंत. फक्त एवढंच, वर एक अटॅच्ड. काकूंच्या बहिणीनं वास्तूचा एक जाणकार आणला. त्यानं होकायंत्र ठेवलं, डोळे मिटले आणि जिना पश्चिमेला न्यायला सांगितला. जिना ओतून झाला होता. मी म्हणालो, "काकू, काँक्रीटचा जिना आता फिरत नाही."

काकू म्हणाल्या, "औंढ्याचं देऊळ फिरलं, अन् तुझा जिना फिरत नाही?"

यावर हिंगोली जिल्ह्यात उत्तर नाही. नामदेवांचं नर्सी आमच्याकडं, आणि त्यांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागं जायला सांगितलं, ते मागं जाऊन गाऊ लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, अशी श्रद्धा आहे. नंदी देवळाच्या पाठीमागं राहिला, तो अजून दाखवतात. एवढा मोठा बदल, बांधकाम पूर्ण झाल्यावर, जास्तीचं बिल न लावता! आणि त्याच देवळात मला आणखी एक गोष्ट नेहमी दिसते, जी दर्शनाच्या रांगेत कुणाशी बोलता येत नाही. खालचा भाग यादवांच्या काळातला, दगडाचा, इंचन्‌इंच कोरलेला. वर बघावं तर शिखर नंतरच्या काळातलं, विटा-चुन्याचं, पांढरं, साधं. मधे कितीतरी शतकं गेलेली. दोन मिस्त्र्यांची भेटसुद्धा झालेली नाही. दुसऱ्यानं वर चढून बघितलं असेल, पहिल्याला मनात चार शब्द ऐकवले असतील आणि काम पुढं नेलं असेल.

जिना काही फिरला नाही. वास्तूच्या जाणकारानं पहिल्या पायरीखाली तांब्याची पट्टी घालायचा उतारा दिला. तीही मिस्त्रीनं गिलाव्यातच घालून घेतली.

दुसरी अक्षय तृतीया उलटून गेली तेव्हा गुरुजी मला म्हणाले, "अरे, तू एकशे ऐंशी दिवस म्हणाला होतास." मी बचावासाठी सिडनीच्या ऑपेरा हाऊसची गोष्ट सांगितली. सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, दहा कोटी वीस लाख लागले. १९६३ला व्हायचं होतं, १९७३ला झालं. जगातले लोक आज ते बघायला जातात. गुरुजींनी लक्ष देऊन ऐकलं.

"अन् त्याचा आर्किटेक्ट?"

"योर्न उत्झोन. तो १९६६लाच सोडून गेला, गुरुजी. पूर्ण झालेलं त्यानं कधीच पाहिलं नाही."

"का गेला?"

"सरकारशी बिनसलं. फीचे पैसेही अडकवले होते."

गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चहा घेणार?"

या सगळ्या काळात आमच्याच तालुक्याच्या शेजारी आणखी एक बांधकाम चाललं होतं, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. आकाशात कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशाला लाट येते, ती मोजायची. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी अशी पहिली लाट १४ सप्टेंबर २०१५ला पकडली. फेब्रुवारी २०१६मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं आमच्याकडच्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३मध्ये, सुमारे २६०० कोटी रुपयांची, म्हणजे गुरुजींच्या भूमिपूजनाच्याच महिन्यात. तत्त्वतःपासून खरोखरपर्यंत सात वर्षं. हे कळल्यावर गुरुजींचा माझ्यावरचा राग थोडा उतरला.

तिथं चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. म्हणजे जगातल्या मोजक्या एवढ्या मोठ्या गुण्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यात ठेवला जाणार आहे, आणि त्याच जिल्ह्यात मला चौकटीचा काटकोन मिळवायला तीन-चार-पाचची दोरी घेऊन दीड तास भांडावं लागतं. त्या यंत्रात प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल कळते. मी हे मिस्त्रीला सांगितलं. प्रोटॉन त्यानं सोडून दिला. त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"मंग तिथं गिलाव्यात काय काढणार?"

"काही काढता येत नाही. आणि तुमची पाण्याची नळीही तिथं चालायची नाही."

हे त्याला फार लागलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना लेव्हल काढायची, हे त्याचं शेवटचं न्यायालय. "पाणी खोटं बोलत न्हाई, साहेब."

"पाणी खरंच बोलतं. पण पृथ्वी गोल आहे, आणि पाणी तिच्यासारखंच वाकतं. चार किलोमीटरमध्ये जमीन सव्वा मीटरनं खाली जाते. लेझर सरळ जातो. म्हणून तिथं पाण्यावर विसंबता येत नाही."

मिस्त्री विटांच्या ढिगावर बसला. तंबाखू मळली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हंजे ही पृथ्वीच लायनीत न्हाई."

"नाही म्हणायचं."

"अन् तुम्ही आमच्या अर्ध्या इंचाला नावं ठेवता."

वास्तुशांती झाली ती २०२५च्या अक्षय तृतीयेला. दिवस मी भूमिपूजनाचाच पाळला, साल पाळलं नाही. आदल्या संध्याकाळी टेम्पोतून काकूंचं कपाट आलं. जेवणाचं आवतण सगळ्यांना होतं, त्यामुळं सगळे हजर होते. गवंडी, गिलावेवाला, फरशीवाला, सुतार, पेंटर. एवढी माणसं एकाच वेळी एकाच खोलीत माझ्या तक्त्यात कधी आली नव्हती. चौघांनी कपाट उचललं, आतल्या खोलीत नेलं, कॉलम आणि भिंतीच्या मधे सरकवलं. ते चार बोटं गेलं आणि अडकलं.

मी टेप लावला. साडेपस्तीस इंच.

मला तो अर्धा इंच लगेच ओळखू आला, पण तो एकटा नव्हता. भिंत अर्धा इंच सुटलेली, ती ओळंब्यात आणायला गिलावेवाल्यानं जाड थर दिला. कॉलम बाजूनं जोडून दिसावा म्हणून त्यालाही थोडा जास्त. कोपरा सरळ दिसावा म्हणून पेंटरनं लांबीचा हात दोनदा मारला. तिकडं खाली फरशीवाल्यानं स्कर्टिंग पुढं काढलेलं. दोन वर्षांत सावकाराच्या व्याजानं अर्ध्या इंचाचा दीड इंच झाला होता. गवंड्यानं गिलावेवाल्याकडं बघितलं, गिलावेवाल्यानं पेंटरकडं, पेंटरनं फरशीवाल्याकडं. सुतार एकटा निर्धास्त होता, त्याचं कपाट नव्हतं. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण जागा मी काढली होती.

काकू काही बोलल्या नाहीत. कपाटाच्या दारावरून त्यांनी पदरानं धूळ पुसली. ते जास्त वाईट होतं.

गुरुजींनी खिशातून लाल पेन काढलं, भिंतीपाशी गेले आणि नव्या रंगावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली. रेघ ओळंब्यात होती. मी नंतर तपासली.

मिस्त्रीनं तंबाखू थुंकून येऊन पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला, रेघेवर छिन्नी टेकवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्येचं काय एवढं, साहेब? गिलावाच काढून घेऊ."